भीमथडीचं तट्टू

मागे एका रविवारी बारामतीकडे घोड्यांची स्पर्धा पाहिली. उंच मारवाडी घोड्यांभोवती गर्दी आणि आमचं बुटकं भीमथडी तट्टू कोपऱ्यात! वाईट वाटलं. भीमेच्या थडीची, म्हणजे काठची ही जात. कमी चाऱ्यावर तगणारी, घाट सहज चढणारी. याच तट्टांना यमुनेचं पाणी पाजल्याचा अभिमान आपण सांगतो. १७३७ साली बाजीराव दिल्लीवर धडकले होते. स्वाऱ्या संपल्या, तरी तट्टू टिकलं ते मेंढपाळ धनगरांमुळे. बिऱ्हाड पाठीवर घेऊन ते इंदापूर-बारामतीच्या माळावरून कोकणात उतरत राहिलं. २०२४ साली स्वतंत्र जात म्हणून त्याची सरकारदरबारी नोंद झाली. श्रोतेहो, स्पर्धेत उंची जरूर मोजा. पण ओझं कुणी वाहिलं, तेही विचारा.