माडिया शिकलेला दवाखाना

जून 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बहुभाषिकतेवर ठराव केला. संघटनेच्या अधिकृत भाषा सहा. पण माहिती हिंदी, बांगला, उर्दूतूनही लोकांपर्यंत जावी, असा उल्लेख त्यात प्रथमच आला. ती बातमी ऐकून मला हेमलकसा आठवले.

बाबा आमटे यांनी 1973 च्या डिसेंबरात भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो 1982 साली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले. रोग्याला मराठी येत नव्हती, डॉक्टरांना माडिया. कुठे दुखते, कधीपासून दुखते, गोळी केव्हा घ्यायची, हे बोलायचे कसे? कोणीतरी दुसऱ्याची भाषा शिकणे भाग होते. शिकले ते डॉक्टर.

एरवी आपण उलटे करतो. सूचना आपल्या भाषेत लावतो आणि समजले नाही, तर दोष ऐकणाऱ्याला देतो.

न्यूयॉर्कची सूचना उद्या हिंदीत येईल, मराठीतही येईल. पण भामरागडच्या एखाद्या आईला ती कळायची, तर शेवटी कोणीतरी तिच्याजवळ बसून माडियातच सांगावी लागेल. तेवढ्यासाठी माडिया शिकणारा माणूस हवा. तो ठरावाने मिळत नाही.