तुमच्यावर सोडलं

तोक्योच्या गिन्झा भागातल्या एका तळघरात आठ खुर्च्यांचं सुशीचं दुकान आहे. तिथे मी पहिल्यांदा गेले ती दुभाषी म्हणून. एका बाजूला पुण्याहून आलेले दोन साहेब, दुसऱ्या बाजूला त्यांचे जपानी यजमान. मेनूकार्ड नाही, भिंतीवर दर नाहीत. यजमान शेफला एकच शब्द बोलले, "ओमाकासे." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्यावर सोडलं, असं म्हणतायत," मी सांगितलं. "बिलही त्यांच्यावरच सोडलंय ना?" साहेब हळूच म्हणाले. याचं भाषांतर मी केलं नाही.

पहिला नग कोहादाचा. तारलीएवढा, पाठीवर ठिपके असलेला चकचकीत मासा. एका हातात माशाचा काप, दुसऱ्यात भाताचा गोळा, बोटाने वासाबीचा ठिपका, चार-पाच हालचाली, की नग समोर. ठेवल्यावर तो केसभर खाली बसला. म्हणजे भात दाबलेला नव्हता, नुसता एकत्र आणलेला होता. भात कोमट. मी आपली सोया सॉसची वाटी शोधत राहिले. तिथे ती नव्हतीच. सॉस ब्रशने आधीच लावलेला होता. शेफने माझी शोधाशोध बघितली आणि न बघितल्यासारखं केलं.

सुशीवाल्यांच्या बोलीत वरच्या माशाला 'नेता' म्हणतात. 'ताने', म्हणजे बीज, हा शब्द उलटा केलेला. आपल्या नेत्यांशी संबंध नाही. वर बसतो, एवढंच साम्य. भाताला मात्र 'शारी' म्हणतात आणि हा शब्द आपल्याकडचा. बुद्धाच्या अस्थींना संस्कृतात 'शरीर' म्हणत. तो शब्द चीनमार्गे जपानात पोचला आणि पांढरे दाणे त्या अस्थिकणांसारखे दिसतात म्हणून भाताला लागला, असं सांगतात.

गंमत म्हणजे एवढं पवित्र नाव मिळालेला हा भात पूर्वी फेकूनच द्यायचे. जुनी सुशी म्हणजे मासा टिकवायची युक्ती. बिवा तळ्याकाठी फुनाझुशी अजून तशीच करतात: खारवलेला मासा भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवायचा, भात आंबतो, मासा टिकतो, खाताना भात खरवडून काढायचा. एदोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, माणसांना एवढा धीर कुठला? त्यांनी भातात व्हिनेगर घातलं. तेही महाग होतं, पण हांडा गावच्या नाकानो मातासाएमोनने १८०४च्या सुमारास साकेच्या चोथ्यापासून लालसर, स्वस्त व्हिनेगर काढलं आणि ते जहाजाने एदोला जाऊ लागलं. १८२०च्या दशकात एदोतल्या र्‍योगोकुच्या हानाया योहेईने हाताने वळलेली सुशी लोकप्रिय केली. शोधाचं श्रेय त्यालाच देतात. एकट्या माणसाने असा पदार्थ शोधला यावर माझा विश्वास नाही.

तो नग आजच्या दुप्पट-तिप्पट मोठा असायचा. रस्त्यावरच्या गाडीवर उभ्याने खायचा, किंमत ८ मोन, म्हणजे तेव्हाची नाणी. आपल्या वडापावचाच भाऊबंद. बर्फ नव्हता, म्हणून कोहादाला मीठ आणि व्हिनेगर, वाम शिजवलेली, कोळंबी उकडलेली, कुपा सोयात मुरवलेला. आमच्या दापोलीला आजी मासे खारवायची ती याच कारणाने. तिला कुणी कलाकार म्हटलं नाही.

पण महागडी सुशीही तेव्हापासूनच होती. १८४०च्या दशकात उधळपट्टीविरुद्धच्या तेम्पो सुधारणांत महाग सुशी विकणाऱ्या दोनशेहून अधिक जणांना पकडून हातात बेड्या घातल्या होत्या. गिन्झाचं बिल बघून मला त्या अधिकाऱ्यांची आठवण येते.

कुप्याच्या पोटाचा चरबीदार भाग, तोरो, आज सगळ्यात महाग. जुन्या काळी तो फेकण्याच्या लायकीचा. मांजरही ओलांडून जाईल, असं म्हणत. त्याचे दिवस पालटले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९७२मध्ये जपान एअरलाइन्सने कॅनडाच्या किनाऱ्यावरचा कुपा विमानाने त्सुकिजीच्या बाजारात आणला. तिकडे हौशी मासेमार तो पकडून, फोटो काढून, पुरून टाकत.

पण मला खरी मोठी वाटते ती १९४७ची गोष्ट. अन्नटंचाईमुळे सरकारने खानावळी बंद केल्या. तोक्योच्या सुशीवाल्यांनी तोड काढली: आम्ही अन्न विकत नाही, गिऱ्हाइकाच्या तांदळाची सुशी करून देतो, फक्त मजुरी घेतो. एक गो तांदूळ, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, घेऊन या. दहा नग घेऊन जा. परवानगी मिळाली आणि तोच हिशोब देशभर पसरला. ओसाकाची साच्यातली सुशी मागे पडली, एदोची पुढे गेली, नगाचा आकारही तिथेच ठरला. आज आपण जिला 'जपानची सुशी' म्हणतो, ती त्या रेशनच्या तांदळातून आलेली आहे. शेफची मर्जी कितीही असो, ताटाचा साचा सरकारी टंचाईने पाडला.

ओमाकासे त्या मानाने अलीकडचं. आधीची रीत ओकोनोमी: काचेमागचा मासा बघून एकेक नग मागायचा. ज्याला माशातलं कळत नाही किंवा ज्याचा शेफवर पूर्ण भरवसा आहे, तो म्हणायचा 'तुमच्यावर सोडलं'. आपण मच्छी खानावळीत "आज काय चांगलं आहे?" विचारतो, तसंच. आता महागड्या दुकानांत बहुधा दुसरी सोयच नसते. मग 'सोडलं' म्हणायचं की 'सोडावं लागलं'? प्रामाणिक भाषांतर दुसरं आहे.

तरी तुम्ही कधी गेलात, तर अत्तर लावून जाऊ नका. आणि कोहादा समोर आला की फोटो काढत बसू नका, भात निवतो.