रोग्याचें टिपण : मोडीपासून संगणकापर्यंत



इतिहास म्हटला म्हणजे लढाया आणि तह डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु वैद्याच्या चोपडीलाहि इतिहास असतो, आणि कधीं कधीं तिच्यावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो. पेण व रोहें या दोन गांवांत मीं जें पाहिलें, त्यावरून हा इतिहास आज सांगावयाचा आहे.

पेणला माझ्या आजोळीं एका वैद्यांची जुनी चोपडी होती. रोग्याचें नांव, काढा, पथ्य, सारें मोडींत लिहिलेलें. मोडी शाळांतून गेली आणि चोपडी धडधाकट असूनहि मुकी झाली. ती वाचणारा घरांत कोणी उरला नाहीं. पुढें दवाखान्याचा केसपेपर आला. तो वाचतां येई. पण त्याची प्रत बहुधा एकच, आणि तीहि रोग्याच्या घरीं, पत्र्याच्या पेटींत.

जुलै २००५ च्या महापुरांत पाणी आमच्या रोह्याच्या घरांत शिरलें आणि पेटींतील कागदांचा लगदा झाला. थोड्याच दिवसांत आईला तापानें घेरलें. नव्या डॉक्टरांनीं विचारलें, "आजी, एखादें औषध सोसत नाहीं का?" ती म्हणाली, "एक सुई सोसत नाहीं बघा, पण तिचें नांव कांहीं आठवत नाहीं." दूरध्वनि बंद होते. मीं नागोठण्यावरून कसेंबसें पेण गांठलें. तेथें वीस वर्षांपूर्वीं तिची शस्त्रक्रिया झाली होती. वृद्ध डॉक्टरांनीं फडताळांतून नोंदवही काढली. तिच्या नांवापुढें तांबड्या शाईनें एकच शब्द होता : पेनिसिलिन. आई त्या दुखण्यांतून उठली. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणें दाखल झालेल्या रोग्याचे कागद तीनच वर्षें जपण्याचें बंधन आहे. ही वही उरली, ती एका माणसाच्या सवयीमुळें.

अशा गोष्टी सवयीवर सोडूं नयेत, हा नव्या व्यवस्थेचा हेतु आहे. केंद्र सरकारनें संगणकीय आरोग्य-नोंदींचीं मानकें २०१३ मध्यें ठरविलीं व २०१६ मध्यें सुधारलीं. २७ सप्टेंबर २०२१ रोजीं आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालें. त्यांत इच्छा असेल त्यास 'आभा' हा १४ अंकी क्रमांक मिळतो. साऱ्या नोंदी एकाच कोठारांत जात नाहींत. ज्या रुग्णालयाची नोंद त्याच्याकडेच राहते, व रोग्याच्या संमतीनें दुसऱ्या डॉक्टरांस दिसते. पेणची नोंद रोह्यास वाचतां येईल, ती अशी. मात्र दोन्हीकडे हें काम संगणकावर आलेलें असलें पाहिजे.

येथें मोडीची आठवण ठेवावी. संगणकाच्याहि लिप्या बदलतात. एका यंत्राचें लिहिणें दुसऱ्यास वाचतां यावें, म्हणूनच तीं मानकें. आणि चुकीचा शब्द टंकला गेला, तर तोहि तितक्याच वेगानें गांवोगांव पोंचेल. तांबड्या शाईमागची काळजी यंत्र आपण होऊन घेणार नाहीं. ती लिहिणारासच घ्यावी लागेल.

तोंवर एवढें करावें : घरांतील वडील माणसांस कोणतें औषध सोसत नाहीं, तें आजच विचारून दोन ठिकाणीं लिहून ठेवावें. आम्हांस तें पुरानंतर सुचलें.