गिरणगाव : आधी भीती, मग टॉवर

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून अनेकजण मुंबईच्या गिरण्यांत गेले. वर्गात मुलं विचारतात, "सर, गुंडगिरी वाढली की जागेचे भाव पडतात ना?" गिरणगावात तसं सरळ घडलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. काही बेकार पोरं टोळ्यांत गेली. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली, तशी टोळ्यांचीही नजर तिकडे वळली. ७ मे १९९४ ला खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांचा भररस्त्यात खून झाला. टॉवर मात्र उभे राहिलेच. गुंडगिरीने पैसेवाल्यांना अडवलं नाही. भीती चाळीच्या वाट्याला आली, जमीन मॉलच्या. गावी परतलेला कामगार अजून घराचीच वाट पाहतोय.