दोन पट्ट्यांमधला गंधार

हदगावच्या शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी चालू होती. सातवीतली एक मुलगी आजीकडून शिकलेली जात्यावरची ओवी म्हणत होती आणि आम्ही पेटीवर साथ करत होतो. तिचा गंधार काही केल्या पेटीशी जुळेना. कोमल गंधाराची पट्टी दाबली तर तिचा स्वर वर राही, शुद्ध गंधाराची दाबली तर खाली. तीन-चार वेळा असे झाल्यावर आम्ही तिला सांगितले, "तू बेसूर होतेस गं." तिने ओवी सोडली आणि समूहगीतात मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

पुढे काही वर्षांनी अकरावीतला एक विद्यार्थी गिटार घेऊन आला. तो 'मायनर ब्लूज' शिकत होता. तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवून त्याने तार किंचित वर ओढली आणि म्हणाला, "सर, हा स्वर पुस्तकात नाही, पण याच्याशिवाय ब्लूज वाटत नाही." पेटीवर शोधला, तर तो कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठेतरी निघाला! आम्हाला त्या मुलीची आठवण झाली. हा लेख या गंधाराच्या इतिहासाचा आहे, आणि थोडा आमच्या चुकीचाही.

कापसाच्या रानातले गाणे

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीयांचे गाणे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज. १८६५ साली कायद्याने गुलामगिरी संपली, पण कापसाच्या शेतातली मजुरी आणि कर्ज संपले नाही. मिसिसिपीतल्या कापसाच्या रानात हे गाणे वाढले. हदगाव परिसरात कापूस वेचणाऱ्या बायांची गाणी ज्याने ऐकली आहेत, त्याला कामाच्या लयीत गाणे कसे जन्मते हे वेगळे सांगायला नको.

डब्ल्यू. सी. हॅन्डी या संगीतकाराने आपल्या आत्मचरित्रात एक प्रसंग लिहिला आहे. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर एक माणूस गिटारच्या तारांवर चाकू घासून वाजवत होता. चाकू पडदे मानत नाही. दोन पडद्यांमधल्या सगळ्या जागा त्यातून ऐकू येतात. हॅन्डीने पुढे अशी गाणी नोटेशनमध्ये लिहिली. त्याचे 'सेंट लुईस ब्लूज' १९१४ साली छापले गेले. पण कागदावर गंधार एक तर कोमल लिहावा लागे, नाही तर शुद्ध. मधल्या स्वराला नोटेशनमध्ये जागाच नव्हती. त्याला पुढे 'ब्लू नोट' असे नाव मिळाले.

पाच काळ्या पट्ट्या

ब्लूज शिकणाऱ्याला पहिल्यांदा पाच स्वरांची एक स्केल देतात: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. इंग्रजीत तिला मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात. आपल्याकडे हेच स्वर धानी रागाचे आहेत. यात तीव्र म मिसळला की झाली 'ब्लूज स्केल'.

शाळेच्या पेटीवर एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या, पांढरीला हात लावायचा नाही. काळी तीनला सा मानले तर भूप मिळतो. त्याच पट्ट्या, पण काळी दोन सा धरली की धानी. काळी पाच सा धरली की मालकंसाचे स्वर, काळी एक धरली की दुर्गाचे आणि काळी चार धरली की मेघाचे. पट्ट्या त्याच, फक्त 'घर' बदलले. आपल्या जुन्या ग्रंथांतल्या मूर्च्छनेचे तत्त्व हेच. मुलांना हे सांगण्याआधी करून दाखवावे. त्यांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य पाहण्यासारखे असते.

अर्थात स्वर सारखे म्हणून संगीत सारखे होत नाही. धानी गाताना मागे तंबोरा असतो आणि त्याचा षड्ज जागचा हलत नाही. ब्लूजमध्ये मात्र जमीनच हलते. मायनर ब्लूजच्या बारा मात्रागटांचा एक फेरा असतो. बी. बी. किंग यांच्या १९६९ च्या 'द थ्रिल इज गॉन' या गाण्यातला फेरा असा: चार गट षड्जाच्या कॉर्डवर, दोन मध्यमाच्या, पुन्हा दोन षड्जाच्या, मग एक कोमल धैवताच्या, एक पंचमाच्या आणि शेवटचे दोन पुन्हा षड्जाच्या. किंग स्वतः मिसिसिपीत लहानपणी कापूस वेचत वाढले होते.

आता अडचण लक्षात येईल. पंचमाच्या कॉर्डमध्ये प, शुद्ध नि, रे आणि म हे स्वर असतात. यातला शुद्ध नि आणि रे धानीत नाहीत. म्हणून नुसती पाच स्वरांची स्केल घोकलेला वादक इथे येऊन अडखळतो. त्यासाठी प्रत्येक कॉर्डचे स्वर सुटे सुटे वाजवण्याचा सराव करावा लागतो. त्याला आर्पेजिओ म्हणतात. हा इटालियन शब्द हार्प या तंतुवाद्याच्या नावावरून आला आहे. षड्जाचा आर्पेजिओ सा, कोमल ग, प, कोमल नि. मध्यमाचा म, कोमल ध, वरचा सा, कोमल ग. आपले विद्यार्थी पलटे घोटतात तसेच हे घोटायचे. स्केल म्हणजे गावातले सगळे रस्ते, आणि आर्पेजिओ म्हणजे या क्षणी कोणत्या घराचे दार उघडे आहे याची माहिती.

पेटीवरचा खटला

दोन पट्ट्यांमधल्या स्वराचा प्रश्न महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच गाजला होता. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली देबँ यांनी घेतले. हिंदुस्थानात ती आली आणि नाटकापासून भजनापर्यंत सगळीकडे पोचली. पण तिचे स्वर जुळवलेले होते पाश्चात्त्य समान अंतराच्या पद्धतीने. सप्तकाचे बारा सारखे भाग; प्रत्येक स्वराची कंपनसंख्या आधीच्या स्वराच्या सुमारे १.०५९५ पट.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला लावून ते स्वर ताणलेल्या तारेवर मोजले आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक काढले. अर्नेस्ट क्लेमंट्स हे आयसीएस अधिकारी त्यांना येऊन मिळाले आणि श्रुतींची खास हार्मोनियम तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर मोठा वाद झाला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना श्रुती अशा आकड्यांत बांधणे पटले नाही. त्यांनी रागांची मांडणी बारा स्वरांच्या आणि दहा थाटांच्या आधारे केली, आणि गायकाने स्वर नेमका कुठे लावायचा हे गुरुमुखातून शिकण्यावर सोडले.

खटला एवढ्यावर थांबला नाही. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. १९७१ साली ती सैल झाली. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते. पेटीने हजारो खेड्यांत स्वरज्ञान पोचवले हे खरे, आणि तिच्यावर मींड निघत नाही हेही खरे.

गंमत अशी की श्रुतींची पेटी त्या दिवशी शाळेत असती, तरी त्या मुलीचा प्रश्न सुटला नसता. स्वरांतले अंतर मोजायला एलिस यांनी १८८५ साली 'सेंट' हे एकक सुचवले. पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. बावीस श्रुतींच्या रूढ तक्त्यात गंधाराच्या चार जागा येतात: सुमारे २९४, ३१६, ३८६ आणि ४०८ सेंट. म्हणजे ३१६ ते ३८६ या पट्ट्यात काहीच नाही! ब्लूजचा गंधार पुष्कळदा नेमका इथेच फिरतो, आणि एका जागी उभाही राहत नाही.

पडद्याचे गणित

गिटारची मोकळी तार ६५ सेंटिमीटरची धरू. डोक्याकडच्या टोकापासून तिसरा पडदा, म्हणजे कोमल ग, १०.३ सेंटिमीटरवर येतो. चौथा, म्हणजे शुद्ध ग, १३.४ वर. पण ६:५ या नैसर्गिक प्रमाणातला कोमल ग हवा असेल तर १०.८ वर दाबायला हवे, आणि ५:४ चा शुद्ध ग १३ वर मिळतो. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक, पण कानाला कळतो.

मग वादक काय करतो? तार आडवी ओढतो. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, हे आपण अकरावी-बारावीला शिकवतो. एका पडद्याएवढा स्वर चढवायचा तर ताण सुमारे १२ टक्के वाढवावा लागतो, अर्ध्या पडद्यासाठी सुमारे ६ टक्के. सतारिया मींड घेतो ती याच नियमाने. पडदा वाद्याने दिला, पण पडद्याबाहेरचा स्वर बोटाने मिळवला. पेटीला हे जमत नाही. तिथे कोमल आणि शुद्ध या दोन पट्ट्या भरभर आलटून पालटून दाबून स्वराचा भास तेवढा निर्माण करता येतो.

हा बोटांचा वारसा महाराष्ट्र-गोव्यालाही नवा नाही. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा जाझ बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजला. गोव्यातून आलेल्या, चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेल्या वादकांनी हे संगीत उचलले आणि पुढे ते चित्रपटांच्या स्टुडिओत नेले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) मध्ये चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाचा वाटा होता. मुंबईत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक अमान्सिओ डिसिल्व्हा यांनी तर लंडनला जाऊन १९६९ साली जाझ आणि हिंदुस्थानी स्वरांची सांगड घालणारी ध्वनिमुद्रिका काढली.

वर्गात काय करता येईल?

त्या विद्यार्थ्याच्या मोबाइलवर स्वर मोजणारा ट्यूनर होता. आम्ही गावातल्या एका आजीबाईंना विनंती केली आणि त्यांची ओवी त्यासमोर ऐकली. काटा कोमल गंधाराच्या वर चढला, शुद्धाला टेकला नाही, आणि प्रत्येक कडव्यात जवळजवळ त्याच जागी परत आला. आमच्या दृष्टीने कळीची गोष्ट हीच. चुकणारा माणूस दर वेळी वेगळ्या जागी चुकतो. जो पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो, तो चुकत नसतो. त्याच्याकडे वेगळी मोजपट्टी असते.

शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा. मुलांच्या घरची गाणी मागवावीत, पाच-सहा वेळा म्हणवून एकाच स्वराची जागा मोजावी आणि तिचा तक्ता करावा. तार, ताण, वर्गमूळ, सरासरी हे सगळे त्यात आपोआप येते.

आणि पेटीशी जमत नाही म्हणून कोणा मुलाला बेसूर म्हणण्यापूर्वी, ते दर वेळी त्याच जागी येते का, एवढे पाहावे. आम्ही ते पाहिले नव्हते. ती मुलगी आता मोठी झाली असेल. तिला ती ओवी अजून येत असावी, एवढीच आमची इच्छा आहे.