प्लेगानंतरचा शेजार

परदेशी कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत अलीकडे एका जातीच्या कथेचे पेव फुटले आहे. कसलीशी अद्भुत साथ येते, मेलेली माणसे उठून चालू लागतात, आणि उरलेसुरले जिवंत लोक कोठेतरी कोंडून घेऊन दिवस काढतात. या चालत्या प्रेतांस तिकडे ‘झोंबी’ म्हणतात. आमच्या भाषेत झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. तेव्हा हा शब्द कानी पडला की आम्हांस प्रथम थोडे हसूच येते. परंतु त्या कथांचा जो उत्तरार्ध असतो तो हसण्याजोगा नसतो. साथ ओसरते आणि वाचलेल्यांस एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागते. त्या रात्री कोणी दार उघडले नाही, कोणी कोणास मागे टाकून गेले, हे सर्वांस ठाऊक असते. आणि तरीही पाणी एकाच विहिरीचे प्यावयाचे असते. हा उत्तरार्ध पाहण्यासाठी परदेशी कल्पनेकडे धाव घेण्याचे कारण नाही. आमच्या पणजोबांच्या काळी तो येथेच घडून गेला आहे.

मुंबईच्या वायव्येस, मालाडवरून मार्व्यास गेल्यावर, खाडीच्या पलीकडे मनोरी हे गाव दिसते. मार्व्याहून तेथे जाण्यास आजही तर लागते. मनोरी, गोराई आणि उत्तन ही एकाच चिंचोळ्या भूमीवरची गावे. वस्ती कोळ्यांची आणि ज्यांस ‘ईस्ट इंडियन’ म्हणतात त्या ख्रिस्ती कुटुंबांची. धर्म पोर्तुगीजांच्या अमदानीत पालटला, तरी घरची बोली मराठीच राहिली. साष्टी १७३९ मध्ये मराठ्यांकडे आली, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेली, आणि आम्ही ज्या काळाविषयी लिहीत आहोत त्या काळी ती ठाणे जिल्ह्यात मोडत असे. अशा गावांचे शहराशी नाते पोटाचे होते. मासळी शहरात जाई आणि नोकरीसाठी घरचा मुलगाही शहरात जाई. त्या शहरात मरी आल्यावर तरीतून उतरणाऱ्या मुलाला घरात घ्यावयाचे की नाही, हा प्रश्न वसईपासून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्यावरील गावोगाव उभा राहिला. मनोरी हे त्याचे एक उदाहरण; मात्र मध्ये खाडी असल्यामुळे येथे तो प्रश्न नजरेसमोर अधिक स्पष्ट उभा राहतो.

साथीची हकीकत थोडक्यात अशी. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी बंदराच्या वस्तीत डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी पाहून हा प्लेग आहे असे निदान केले. पुढील काही महिन्यांत शहरातून लाखो लोक बाहेर पडले. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई ओस झाली, असा त्या वेळचा अंदाज होता. १८९१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली. पुढे ही साथ देशभर पसरली आणि दोन-अडीच दशकांत एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेली.

या आकड्यांत जे दिसत नाही तेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे. पळणारा प्रत्येकजण कोणाला तरी मागे ठेवून पळत होता. कधी तो रोगी असे, कधी म्हातारी आई, कधी रोग्याजवळ बसून राहिलेली बायको. जो मागे राहिला आणि जगला, त्याच्या मनात काय राहिले असेल?

त्यात सरकारने भर घातली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली मुंबईची प्लेग कमिटी नेमली गेली. घरे धुंडावयाची, रोगी सापडला की इस्पितळात न्यावयाचा, घरच्या मंडळींस छावणीत ठेवावयाचे, कौले काढून घरात ऊन आणावयाचे, चुना आणि कार्बोलिक मारावयाचे, असा हा क्रम होता. हेतू वाईट नव्हता. पण ज्या समाजात आजाऱ्याचे उशापायथे सोडणे हेच पाप मानले जाई, तेथे आजारी माणूस नेला म्हणजे तो गेलाच, असे लोकांनी धरले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले होते, ते याच धास्तीने. डॉक्टर माणसाला उलटे टांगून त्याचे मोमियाई तेल काढतात, अशा वावड्या घरोघरी पोहोचल्या होत्या. त्यांस खुळचटपणा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. पण पंडिता रमाबाई काही अडाणी नव्हत्या, आणि पुण्याच्या सरकारी प्लेग-इस्पितळात गेलेली आपल्या आश्रमातील मुलगी परत हाती आली नाही, म्हणून १८९७ मध्ये त्यांनी जाहीर तक्रार केली होती. ती गव्हर्नरांनी नाकारली. मग लोक रोगी लपवू लागले. शेजारी शेजाऱ्याची चुगली करील या भीतीने शेजारही तुटला. पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, ती गोष्ट वाचकांस ठाऊकच आहे.

आता या सर्व प्रकरणातील सर्वांत कडू भाग. जनांनी ज्याची भीती धरली तो मुळी शत्रूच नव्हता. प्लेगाचा जंतू येर्सिन याने १८९४ मध्ये हाँगकाँगला ओळखला होता. तो उंदराच्या पिसवेतून माणसास जडतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीस प्रयोग करून दाखविले. त्याचे म्हणणे मात्र बरीच वर्षे कोणी मनावर घेतले नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग-संशोधन मंडळाने काम केले. साथीच्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर किती पिसवा चढतात हे मोजले, तेव्हा कोठे तो निर्णय पक्का झाला. फुप्फुसाचा प्लेग सोडला तर गाठीचा प्लेग माणसाकडून माणसास सहसा लागत नाही. इस्पितळांत रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांस तो क्वचितच होतो, हे तेव्हाच्या डॉक्टरांनीही पाहिले होते.

म्हणजे घर सोडणे बरोबर होते, माणूस सोडणे बरोबर नव्हते! ही गोष्ट आमच्या खेड्यांस पुस्तकांवाचून अर्धी कळली होती, याचे आम्हांस नवल वाटते. उंदीर पडू लागले की गाव माळावर जाई. झोपड्या घालून, जेवणखाण, गुरेढोरे, पोरेबाळे यांसह अख्खे गाव महिनोन् महिने उघड्यावर राही आणि साथ हटल्यावर परत येई. शास्त्राच्या दृष्टीने याहून उत्तम उपाय त्या काळी दुसरा नव्हता. त्याहून मोलाची गोष्ट ही की त्यात कुटुंब एकत्र राही. शहरातून एकेकटा पळालेला माणूस आणि माळावर एकत्र गेलेले गाव यांचा पुढील इतिहास निराळा झाला, असे आमचे मत आहे. मुंबईच्या चाळीतील कामगारास अशी मोकळीक नव्हती. त्याला माळ कोठला?

जे सोडून गेले नाहीत त्यांचीही नोंद घेतली पाहिजे. पुण्याजवळ हडपसरच्या बाजूस डॉ. यशवंत यांनी प्लेगाच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. त्यांच्या दत्तक आई सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन तेथे आल्या. त्यांस स्वतःस प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वर सांगितलेला नियम येथे चालला नाही; नियमास अपवाद असतातच. दुसरे उदाहरण भगूरच्या सावरकरांचे. १८९९ मध्ये वडील दामोदरपंत प्लेगाने गेले आणि पाठोपाठ धाकटा नारायण आजारी पडला. त्याला नाशिकच्या प्लेगाच्या इस्पितळात नेले, तेव्हा थोरले बंधू बाबाराव शुश्रूषेसाठी तेथेच राहिले आणि तेही आजारी पडले. सुदैवाने दोघेही उठले. या भावांचे पुढील राजकारण कोणास पटो अथवा न पटो, त्यांच्यामधील जन्मभराची गाठ त्या खाटेपाशी घट्ट झाली, हे मान्य करावेच लागेल.

मोडलेला विश्वास पुन्हा कसा बसला? शिपायांनी तो बसविला नाही. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत जुलाह्यांच्या मोहल्ल्यात एका आजारी मुलीला तपासण्यावरून दंगा उसळला, आणि त्यानंतर सरकारला आपला हात सैल करावा लागला. जातीजातींनी आपली इस्पितळे काढावी, तेथे आपली माणसे असावी, रोग्याचे आप्त जवळ यावे, यास उत्तेजन मिळाले. पारशी, भाटिये, मेमण, जैन, सर्वांची अशी इस्पितळे उभी राहिली. पुण्यात टिळकांनी हिंदूंचे इस्पितळ १८९७ मध्येच चालविले होते. जातवार इस्पितळ ही काही आदर्श वस्तू नव्हे. परंतु जे लोक रोगी माळ्यावर गोण्यांखाली लपवीत होते, तेच त्याला स्वतः घेऊन येऊ लागले. लसीचेही तसेच. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पण खोजे मंडळींचा धीर वाढला तो आगाखानांनी चारचौघांत दंड पुढे केल्यावर. १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवाल येथे टोचलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले तेव्हा हाच विश्वास पुन्हा तुटला, हाफकिन पदच्युत झाले, आणि त्यांचा निर्दोषपणा मान्य होण्यास १९०७ साल उजाडावे लागले. ज्या परळच्या प्रयोगशाळेतून त्यांस जावे लागले, तिला १९२५ मध्ये त्यांचेच नाव दिले गेले.

आता साष्टीकडे वळू. वांद्र्यापासून उत्तरेकडे जुन्या गावठाणांत हिंडताना वाटेच्या वळणावर, दोन घरांच्या मध्ये, दगडी क्रूस दिसतात. त्यांतील पुष्कळ प्लेगाच्या वर्षांत उभारलेले आहेत, आणि लोकही त्यांस प्लेगाचे क्रूस म्हणूनच ओळखतात. घरोघरी मरण असताना वाडीतील वाचलेले लोक उघड्यावर एकत्र येऊन प्रार्थना करीत, ती यांच्यापुढे. त्या दिवसांत चारजणांनी एका ठिकाणी उभे राहणे हेच मोठे धैर्य होते. क्रुसाला भिंती नाहीत, दार नाही. म्हणून कोणी कोणाला आत घेतले नाही हा प्रश्नच तेथे उरत नाही.

याच लोकांत लग्नाच्या आधी ‘उंबराचे पाणी’ आणण्याची चाल आहे. वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवऱ्यासाठी किंवा नवरीसाठी पाणी आणावयाचे, आणि त्या मिरवणुकीत मामा, काका, शेजारी सगळ्यांनी असावयाचे. प्लेगानंतरच्या पहिल्या लग्नसराईत अशा मिरवणुकी निघाल्या असतील तेव्हा कित्येकांचे मामा उरले नसतील, आणि त्यांची जागा कोणीतरी भरली असेल. जो वर्षापूर्वी दार लावून बसला होता, त्याला बोलावणे गेले असेल काय? आम्ही हा केवळ तर्क करतो. परंतु ज्या वाडीत विहीर एक, क्रूस एक आणि मासळीची होडी भागीदारीची, तेथे बोलावणे न धाडून चालते किती दिवस?

यांतील काही क्रूस रस्ते रुंद करताना हलविले गेले, काही नव्या इमारतींच्या कुंपणात अडकले. मे महिन्यात गावठाणांतून क्रुसांचे सण होतात तेव्हा त्यांस चुना लागतो, माळा चढतात, आणि आसपासची घरे आळीपाळीने तेल आणि मेणबत्त्या आणतात. पाळी कोणाची, हे सांगण्यास म्हाताऱ्या बायका असतात.