हाताखालचं पोरगं कायद्यात कुठं बसतं?

हाताखाली राहून शिकणं ही आपली जुनीच शाळा. इंग्रजांनी 1850 मध्ये अनाथ, गरीब मुलांना कारागिराकडे शिकायला ठेवण्याचा कायदा केला. स्वतंत्र भारताचा शिकाऊ उमेदवार कायदा आला 1961 मध्ये. त्याची नजर मात्र कारखान्यांवर. 2019 च्या नियमांनी अट सैल केली, तरी आस्थापनेत किमान चार माणसं लागतातच.

मग आमच्या वडनेर भोलजीच्या हायवेवरचं दोन माणसांचं गॅरेज? बातमीसाठी फिरताना मी बघतो, पोरं तिथं शिकतात. पण ना सरकारी स्टायपेंड, ना सर्टिफिकेट.

पाबळला डॉ. कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला. तिथं मुलं गावाची कामं करता करताच शिकली. आयटीआय-कॉलेजांनी एकेक मास्तर नेमून अशी दुकानं जोडून घ्यावीत. उस्ताद गावात आहेतच, कागद तेवढा द्या!